कंप्लेंट आणि ते दुसरं

चंद्राबाईला आयुष्यात तसं दुःख एकच होतं. तिची जाऊ चांगली बाई होती. जाऊ भांडकुदळ असती, कामचुकार असती, निदान तोंडाळ तरी असती, तर चंद्राबाईने तिच्याशी दोन हात केले असते, गावात चार जणींना सांगितलं असतं आणि रात्री सुखाने झोपली असती. जावाजावा उभा दावा, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. पण दावा मांडायचा तर समोरच्याने काहीतरी करावं लागतं. सोनुबाई काहीच करत नसे. ती हसायची, "हो जाऊबाई" म्हणायची आणि सांगितलेलं काम सांगितल्यापेक्षा बरं करून ठेवायची. अशा बाईशी भांडायचं कसं, हे कुणी शिकवलं असतं तर चंद्राबाईने त्याचे पाय धुतले असते.

कर्जतहून खोपोलीकडे जाताना पळसदरीच्या पुढे कुंभेवाडीचा फाटा लागतो. गाव डोंगराच्या पायथ्याशी. तिथे नामा आणि पदू या दोघा भावांची घरं एका भिंतीला लागून आहेत. नामाची बायको चंद्राबाई आणि पदूची सोनुबाई. चंद्राबाई शेजारच्याच गावची, चिखलात वाढलेली. सोनुबाई आली मोहोपाड्याहून. तिचा बाप कारखान्यात कामाला, माहेरी गॅस, रोजच्या जेवणात चपात्या. लग्न होऊन आली तेव्हा तिला तांदळाची भाकरी येत नव्हती, आणि हे कळलं त्या दिवशी चंद्राबाईला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू. तिने नव्या जावेला चुलीपाशी बसवून शिकवलं. पाण्याला आधण आलं की पीठ घालायचं, झाकण ठेवायचं, चटके सोसत मळायचं आणि गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठा करायचा, परातीत थापायचा नाही. सोनुबाईचे हात पोळले, भाकरीची शकलं झाली, चंद्राबाई पोट धरून हसली. पुढच्या सणापर्यंत सोनुबाईच्या भाकरीला असा पापुद्रा सुटायला लागला, की सासू जेवायला बसली की आधी विचारायची, "आज भाकरी कुनी केली?"

ही सासू भागूबाई. आता ती नाही, पण तिचे दोन शब्द चंद्राबाईच्या कानात अजून होते. भागूबाई कौतुकाला कंजूष बाई. चंद्राबाईचं कालवण खाऊन ती म्हणायची, "चालंल." सोनुबाईची भाकरी मोडून म्हणायची, "बरी झालीय गं." परक्या माणसाला दोन्ही सारखंच वाटेल. पण जिने वर्षानुवर्षं "चालंल" ऐकलंय, तिला "बरी झालीय" म्हणजे केवढं ते ठाऊक असतं.

मोगऱ्याचीही तीच गत. चंद्राबाईच्या दारातल्या मोगऱ्याची फांदी सोनुबाईने मागून नेली आणि भिंतीपलीकडे लावली. चंद्राबाईचा मोगरा नुसता पानांनी माजला. सोनुबाईचा चैत्र लागला की असा फुलायचा, की वास भिंत ओलांडून चंद्राबाईच्या ओटीवर यायचा. ती नाकाला पदर लावून भांडी घासायची.

मग आल्या मालतीताई. कर्जतमधलं जुनं घराणं त्यांचं. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. कुंभेवाडीला त्यांची आंब्याची बाग होती, तिच्यात त्यांनी खोल्या बांधल्या आणि शनिवार-रविवार मुंबई-पुण्याचे पाहुणे यायला लागले. ताई त्या जागेला "शेतघर" म्हणत, गाव "रिसॉट" म्हणे. पहिल्या दिवसापासून तिथली चूल चंद्राबाईकडे. पाहुणे वाढले तेव्हा ताई म्हणाल्या, "मदतीला आणखी कोणी बघा, चंद्राबाई." गावात बायकांचा काय दुष्काळ होता? पण परकी बाई चुलीपाशी आणली तर उद्या डोक्यावर बसेल, त्यापेक्षा घरची धाकात राहील, असा हिशेब करून चंद्राबाईने सोनुबाईलाच नेलं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. शिवाय कामाची वाटणीही तिने मोठ्या हुशारीने केली. कालवण, रस्सा, भरलं वांगं, जे जे म्हणून नावाजलं जाईल ते आपल्याकडे ठेवलं. धुराचं आणि हात पोळण्याचं काम, म्हणजे भाकऱ्या, जावेला दिल्या. पाहुण्यांनी कालवण मुकाट्याने खाल्लं आणि भाकरीचे फोटो काढले.

इतकं होऊनही एक गोष्ट चंद्राबाईच्या पदरात होती. निदान तिला तसं वाटत होतं. पावसाळ्यात धबधब्यांना गर्दी लोटायच्या आत फाट्यावर मोठा बोर्ड लावायचा, असं ताईंनी ठरवलं होतं. त्यावर चुलीपाशी बसलेल्या बाईचा फोटो. "मुंबईची कोणी नटवी बाई नको, आपल्यातलीच हवी," असं ताई म्हणाल्या होत्या आणि म्हणताना चंद्राबाईकडे बघून हसल्या होत्या. बस, एवढंच. तेवढ्यावर चंद्राबाईने हिरव्या काठाचं लुगडं ट्रंकेतून काढून उन्हात टाकलं होतं. अख्खं खालापूर त्या रस्त्याने जातं-येतं. माहेरची माणसं जातात. एकदा का आपला चेहरा फाट्यावर चढला, की मग भिंतीपलीकडच्या मोगऱ्याने हवं तेवढं फुलावं, असं तिचं म्हणणं होतं.

अशात एका रविवारी मुंबईच्या एक डॉक्टरबाई आल्या. एरवी रात्री सूप पिऊन झोपणारी बाई, पण त्या दुपारी तिने भाकरीवर भाकरी मागून घेतली. जेवण उरकल्यावर चंद्राबाई बागेत पत्रावळ्या उचलत होती, तेवढ्यात डॉक्टरबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि सोनुबाईचे दोन्ही हात हातात घेऊन काय काय बोलल्या. सोनुबाईने हे घरी येऊन कुणालाच सांगितलं नाही. जाऊबाईच्या पोटात दुखेल, हे तिला पक्कं माहीत होतं.

सोमवारी सकाळी चंद्राबाई मागच्या पडवीत मोठी पातेली घासत होती आणि ताई व्हरांड्यात फोनवर होत्या. पुण्याला त्यांचा भाचा असतो, अजेय. पाहुण्यांचं बुकिंग तो बघतो. ताई म्हणाल्या, "हो रे, मलाही पाठवलंय डॉक्टरबाईंनी. सोनुबाईच्या भाकरीला केवढी कॉम्प्लिमेंट दिलीय. आता बोर्डाचा विचारही त्याच हिशेबाने करायला हवा. शनिवारी सगळ्यांसमोर बोलते मी तिच्याशी."

आता कॉम्प्लिमेंट म्हणजे कौतुकाचे दोन शब्द, हे ताईंना ठाऊक, अजेयला ठाऊक. कुंभेवाडीत हा शब्द आजवर कुणी आणलाच नव्हता. त्याची कधी गरजच लागली नव्हती म्हणा ना. कंप्लेंट मात्र घरोघरी होती. वीज गेली की कंप्लेंट, सिलिंडर आला नाही की कंप्लेंट, बांध कोरला की पोलिसात कंप्लेंट. त्यात राखेने घासलेल्या पातेल्याचा खरखराट. चंद्राबाईला स्वच्छ ऐकू आलं, की डॉक्टरबाईंनी सोनुबाईच्या भाकरीवर कंप्लेंट दिलीय.

तिने हात थांबवला. मग पातेलं इतकं लख्ख घासलं की त्यात तिचा हसरा चेहरा दिसायला लागला.

खोटं कशाला बोला, मनात उकळ्या फुटत होत्या. शेवटी कुणीतरी बोललं होतं. कुणाला तरी ती भाकरी आवडली नव्हती, तेही साध्यासुध्या माणसाला नव्हे, डॉक्टरला. सासूने, नवऱ्याने, गावाने, पाहुण्यांनी जे कधी बोलून दाखवलं नाही, ते एका शिकलेल्या बाईने कंप्लेंट करून सांगितलं होतं. चंद्राबाई घरी आली आणि तिने शिरा केला. तूप सढळ हाताने घातलं. नामा बिचकून म्हणाला, "आज काय हाय?" "काय नाय. खावंसं वाटलं," ती म्हणाली. एक वाटी भरून तिने भिंतीपलीकडेही पाठवली. पाठवता पाठवता वर बदामाचा काप ठेवला.

आणि मग एक नवल झालं. चंद्राबाईला जाऊ आवडायला लागली.

हसू नका. डोळ्यांत खुपणारं माणूस जरा खाली उतरलं, की त्याचा चेहरा नीट दिसतो. त्या आठवड्यात चंद्राबाई बांधावरून जाताना सोनुबाईसाठी थांबायला लागली. तिच्या हातातली पिशवी आपण घ्यायला लागली. शनिवारसाठी पापड लाटायला दोघी ओटीवर बसल्या तेव्हा सोनुबाईने भागूबाईची नक्कल केली, तोंड वाकडं करून "चालंल" म्हणाली, आणि चंद्राबाईला इतकं हसू आलं की लाटणं हातातून सुटलं. इतक्या वर्षांत तिला माहीतच नव्हतं, की ही पोर नकला करते. ह्या "चालंल"ची सल तिच्याही लक्षात होती, हेही माहीत नव्हतं.

"तुमाला लागायचं ना ते?" सोनुबाईने विचारलं.

"कशाला लागतंय? म्हातारीचं तोंडच तसं," चंद्राबाई म्हणाली आणि पापड उगाच पातळ लाटत बसली.

सोनुबाई मग आपणहून बोलत राहिली. पदू कामावर जातो, पोरगी अक्षदा शाळेत जाते, घर खायला उठतं. "तुमी मला रिसॉटवर नेलंत ना जाऊबाई, म्हनून मी जगले. त्या चुलीपाशी बसलं की माजं डोकं शांत होतं. ते काम गेलं तर मी काय करीन, मला म्हाईत नाय."

आता हे ऐकून चंद्राबाईच्या आनंदाला पहिल्यांदा चूड लागली. ताई शनिवारी सगळ्यांसमोर बोलणार होत्या. ह्या येडीला त्याचा पत्ता नाही. सगळ्यांसमोर तिचं पाणी उतरणार, कोण जाणे कामावरूनही जाणार. कंप्लेंट यावी असं चंद्राबाईला जन्मभर वाटत होतं, पण काढून टाकावं असं काही ती म्हणाली नव्हती. जाऊ जरा खाली यावी एवढंच तिचं मागणं होतं. पार बुडावी असं नव्हतं. शुक्रवारी तिला जेवण गेलं नाही.

शनिवारी पाहुणे यायच्या आधी ताई स्वयंपाकघरात आल्या. प्रसन्न दिसत होत्या. मोठी माणसं काढून टाकतानाही हसतात, असं चंद्राबाईच्या मनात आलं. ताईंनी सुरुवात केली, "सोनुबाई, मागच्या रविवारच्या भाकरीबद्दल मला सगळ्यांसमोर—"

"ताई, त्या भाकऱ्या माज्या हातच्या," चंद्राबाई मध्येच म्हणाली.

ताई थांबल्या. सोनुबाईने उलथनं हातात धरून वर बघितलं.

"त्या दिवशी सोनीला मी चुलीवरून उठवलं होतं. भाकऱ्या समद्या मी केल्या. त्या डॉक्टरबाईंचं जे काय असंल ते माज्या नावावर. तिला काय बी बोलू नका."

"असं होय?" ताई म्हणाल्या. "मला वाटलं... बरं झालं सांगितलंत. मग बोर्डाचंही तसंच ठरवते." तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली आणि त्या पाहुण्यांना घ्यायला गेल्या.

बोर्ड गेला, हे चंद्राबाईला तिथल्या तिथे कळलं. हिरव्या काठाचं लुगडं डोळ्यांपुढे आलं. तिने कांदा चिरायला घेतला आणि डोळ्यांना निमित्त झालं. सोनुबाई तव्याकडे वळली. मान खाली घालून भाकरी फिरवत राहिली. भरून आलं असेल बिचारीला, चंद्राबाई मनात म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिला स्वतःबद्दल इतकं चांगलं वाटलं होतं, की जावेचा हेवा करायला सवड नव्हती.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो हा असा. कारण सोनुबाईच्या बाजूने बघा. डॉक्टरबाईंनी तिचे हात हातात घेऊन भाकरीचं कौतुक केलेलं. ताई तेच चार लोकांत सांगायला आलेल्या. आणि आठवडाभर साखरेत घोळून बोलणारी जाऊ त्याच क्षणाला पुढे होऊन म्हणते, भाकरी माझी. मोगऱ्याची फांदी मागायला गेल्यावर जिचा हात आखडतो, तिने उगाच शिरा पाठवला नव्हता तर! सोनुबाईने कुणाकडे तोंड उघडलं नाही, पदूकडेही नाही. फक्त बांधावर थांबायची ती थांबेनाशी झाली.

"मी फुडं जाते, जाऊबाई," एवढंच म्हणायची आणि झपाझप निघून जायची.

चंद्राबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिच्यासाठी आपण बोर्डावर पाणी सोडलं, हिचा ठपका आपल्या अंगावर घेतला, आणि ही सरळ तोंड फिरवते? उपकाराची जाण म्हणून नाही! मग जुनी सगळी यादी उघडली. भाकरी आपण शिकवली, मोगरा आपला, चुलीवरची जागा आपण दिली, आता अब्रूही आपणच राखली, आणि मिजास हिची. जळफळाट पहिला परवडला, इतका तो व्याजासकट परत आला. भिंतीपलीकडून सोनुबाईचं हसणं ऐकू आलं तरी चंद्राबाई भांडी आपटायची. नामाने एकदा विचारलं, "तुमा दोघींचं काय बिनसलं?" तर म्हणाली, "माजं काय बिनसायचंय? खाई त्याला खवखवे."

आणि मग एक दिवस कर्जतहून निलेश फोटोवाला आला. चंद्राबाईने मुद्दाम धुवट जुनं लुगडं नेसलं होतं आणि ती मागे वांगी चिरत होती. सोनुबाईला बसवतील, हे तिने गृहीत धरलं होतं. तेवढं बघायचं नाही, असंही ठरवलं होतं.

"चंद्राबाई, अहो मागे काय बसलात?" ताईंनी हाक मारली. "या, चुलीपाशी बसा. भाकरी घ्या हातावर."

"मी?"

"मग कोण? कॉम्प्लिमेंट तुमच्या भाकरीला आली ना?"

चंद्राबाई विळी आडवी करून उठली. "कंप्लेंट आली म्हनून बोर्डावर फोटो?" तिने विचारलं. मोठ्या माणसांच्या चालीरीती तिला आधीच कळत नसत.

ताईंच्यातली शाळेची बाई जागी झाली. "अहो, कंप्लेंट नव्हे. कॉम्-प्लि-मेंट. मधलं 'मे' गिळलंत तुम्ही. कंप्लेंट म्हणजे तक्रार. कॉम्प्लिमेंट म्हणजे कौतुक, वाखाणणी. ऐकायला सख्ख्या बहिणी, पण एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. त्या बाईंनी लिहिलंय की अशी भाकरी जन्मात खाल्ली नाही."

निलेश खी खी करून हसला. चंद्राबाई काही हसली नाही. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळायला लागली होती. कौतुक. म्हणजे ताई त्या दिवशी कौतुक करायला आल्या होत्या. आणि आपण म्हणालो, भाकरी माझी. सोनीच्या समोर म्हणालो. तिने मागे वळून बघितलं. सोनुबाई कोपऱ्यात कोथिंबीर निवडत होती, मान खाली.

आता इथे एखादी संत बाई असती तर तिने लगेच खरं सांगून टाकलं असतं. चंद्राबाई जाऊन चुलीपाशी बसली. का नाही बसायचं? बोर्ड चालत घरी आला होता. खरं काय ते एकट्या सोनीला माहीत, आणि ती कुणाला सांगणाऱ्यातली नाही. बस मुकाट, असं तिचा जुना जळफळाट तिला सांगत होता. सासूने तुला चालंल म्हटलं, आता अख्ख्या खालापूरला म्हणू दे बरी झालीय. तिने उकडीचा गोळा घेतला, पाण्याचा हात लावला आणि झेलायला सुरुवात केली. निलेशने कॅमेरा डोळ्याला लावला.

तेवढ्यात सोनुबाई उठून आली. खाली वाकून तिने चंद्राबाईचा पदर खांद्यावरून नीट घेतला, कपाळावरची राख आपल्या पदराने पुसली आणि हळूच म्हणाली, "जुनं नेसून आलात. ऱ्हाऊ दे, बोर्डावर चांगल्या दिसाल."

एवढं मात्र चंद्राबाईला सोसलं नाही. ही बाई आपला हक्क गेला म्हणून रडत नाही, भांडत नाही, वर आणि पदर सारखा करते. रागाने तिचा हात जोरात पडला आणि भाकरी मधोमध फाटली.

"तुजं मेलं चांगुलपन ठेव तुज्यापाशी," ती म्हणाली आणि फाटकी भाकरी परातीत टाकून उठली. "ताई, त्या दिवसाच्या भाकऱ्या हिच्या. समद्या हिच्या. मी एकीला बी हात लावला नव्हता. हिला बसवा इथं."

"अहो, मग त्या दिवशी तुमच्या म्हणालात त्या कशा?"

"तेव्हा मला वाटलं कंप्लेंट हाय."

ताईंना हसू आवरेना. निलेशने तर कॅमेरा खाली ठेवला. दोघंही पोट धरून हसत होती आणि त्यात सोनुबाई तेवढी हसत नव्हती. ती चंद्राबाईकडे बघत होती, भाकरी भाजली की नाही हे बघतात तशी.

फोटो सोनुबाईचा निघाला. संध्याकाळी दोघी बांधावरून बरोबर निघाल्या. सोनुबाई पुढे गेली नाही.

"म्हंजे माज्यावरची कंप्लेंट तुमी तुमच्या अंगावर घेतलीत," सोनुबाई म्हणाली.

"घेतली."

"बोर्ड जानार हे म्हाईत असून?"

"म्हाईत असून."

सोनुबाईने पदराने डोळे टिपले, आणि चंद्राबाईला ते बघून जरा बरंही वाटलं. पण ओढा ओलांडताना सोनुबाईच्या डोक्यात आणखी काहीतरी आलं. ती थांबली.

"जाऊबाई, त्या सोमवारी तुमी शिरा पाठवलात. तेव्हा तुमाला कंप्लेंटचं ठाऊक होतं?"

चंद्राबाईने ओढ्यातल्या दगडाकडे बघितलं.

"होतं," ती म्हणाली.

"मग तो शिरा कशाचा होता?"

उत्तर होतं, पण देण्यासारखं नव्हतं. चंद्राबाईचा चेहरा कानापर्यंत तापला. सोनुबाईला कळायचं ते कळलं. ती पुढे चालायला लागली. पायवाट संपून घरं दिसायला लागली तेव्हा, वळून न बघता म्हणाली, "झाला होता चांगला."

पाऊस लागायच्या आत बोर्ड उभा राहिला. फाट्यावरून जाताना चंद्राबाई दर खेपेस मान वर करून बघायची आणि काहीतरी खोट काढायची. लुगड्याचा रंग भडक आलाय. नाक मोठं दिसतंय. एका पावसात उडेल. माहेरची माणसं थांबून म्हणायची, "ती तुजीच जाऊ ना गं?" ती म्हणायची, "मीच शिकवलंय तिला." तेवढ्याने काही भागत नसे. बोर्ड तिथेच होता आणि सोनुबाई त्यावरून सगळ्या खालापूरकडे हसत होती.

असाच एक रविवार. गर्दी उसळली होती, भाकऱ्या पुरता पुरल्या नव्हत्या, पानं स्वतः चंद्राबाईने वाढली होती आणि पाहुण्यांनी ताटं चाटायची बाकी ठेवली होती. परत येताना सोनुबाई पडलेल्या आवाजात म्हणाली, "जाऊबाई, आज माज्यावर एक कंप्लेंट आली."

चंद्राबाईचे कान टवकारले. "काय म्हनतेस? कसली?"

"भाकरी जाड झाली म्हने. आनि एका बाजूनं कच्ची."

"अगं बाई," चंद्राबाई म्हणाली. तिच्या पायांत जरा बळ आलं. तिने जावेच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. "जाऊ दे गं, लोकांना काय, मेल्यांना काय बी बोलायला लागतं. मनावर नको घेऊस." असं बोलत ती चार पावलं पुढे गेली आणि तिला आठवलं, की पानं आज आपणच वाढली. कच्ची भाकरी कुणाच्या पानात नव्हती. कंप्लेंट कुणी केली नव्हती. ती हिने घरी न्यायला म्हणून बनवून आणली होती, आपल्यासाठी, माहेराहून खाऊ आणावा तशी.

चंद्राबाईने पिशवी परत दिली नाही. पण एवढं मन देवाने हिलाच का दिलं, आणि हे असलं सुचायचं तेही हिलाच का सुचावं, ह्या विचाराने ती घरापर्यंत जळत आली. असा हेवा तिला आजवर भाकरीचाही वाटला नव्हता आणि बोर्डाचाही नाही.

घरी येऊन तिने शिरा केला. वाटी भरून पलीकडे पाठवली. थोड्या वेळाने अक्षदा वाटी घेऊन आली. वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून सोनुबाईने तीत मोगरा भरून दिला होता. उशिरा आलेला, शेवटच्या बहराचा, चंद्राबाईच्याच फांदीचा.

चंद्राबाई वाटी घेऊन ओटीवर उभी राहिली. या खेपेस तिने नाकाला पदर लावला नाही. मग भिंतीकडे तोंड करून, भांडायला ओरडावं तशी ती ओरडली, "सोने, फुलं बरी झालीत गं."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"हे काय म्हनायचं, जाऊबाई? कंप्लेंट?"

चंद्राबाईने तो शब्द तोंडात घोळवून बघितला. मधलं 'मे' काही केल्या जागेवर बसेना.

"नाय," ती म्हणाली. "ते दुसरं." आणि सोनुबाई आणखी काही चांगलं बोलायच्या आत तिने दार लावून घेतलं.